रिग तिकडे, आपण इकडे : नेटवर्कवरून हॅम स्टेशन चालवायचं तर

इमारतीत राहणाऱ्या हॅमची, म्हणजे हौशी रेडिओवाल्याची, रड ठरलेली. अँटेना लावायला गच्ची मिळत नाही आणि मिळालीच, तर आजूबाजूचे एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर मिळून ८० मीटर बँडवर एवढा कचरा ओततात की एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर) ७ च्या खाली उतरायचं नाव घेत नाही. यावरचा एक चांगला उपाय म्हणजे रिग (रेडिओ संच) आणि अँटेना शांत जागी ठेवायची आणि आपण असू तिथून नेटवर्कवरून ती चालवायची.

हे आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. लागणारी बरीचशी सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक रिगना संगणकाची भाषा कळते. तरीही नवखे एका ठिकाणी हमखास चुकतात. सगळा जोर लांबून रिग चालू कशी होईल यावर असतो, ती बंद कशी करायची हे कोणी आधी बघतच नाही. समोर बसलेलो असताना काही बिनसलं, तर हात आपसूक पॉवरच्या बटणाकडे जातो. लांब गेलं की तो हात नाही. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम मुद्दाम उलटा वाटेल असा ठेवलाय : ट्रान्समिट थांबवण्याची सोय आधी, इंटरनेट बरंच नंतर.

परवाना काय म्हणतो ते बघा

ट्रान्समीटर ज्या देशात उभा आहे त्या देशाचा परवाना लागतो. तुम्ही स्वतः दुसऱ्या देशात बसून तो चालवणार असाल, तर तिथले नियमही वाचा. रिमोटबद्दल प्रत्येक देशाचं म्हणणं वेगळं आहे, तेव्हा ऐकीव माहितीवर जाऊ नका. अमेरिकेच्या हौशी रेडिओ नियमांत, म्हणजे भाग ९७ मध्ये, एक अट आहे जी तुमच्या देशात नसली तरी पाळावी अशी आहे : नियंत्रणाचा दुवा बिघडला, तर ट्रान्समिशन ३ मिनिटांपेक्षा जास्त चालता कामा नये. परवान्याची प्रत आणि परवानाधारकाचं नाव, पत्ता, फोन नंबर स्टेशनवर लावलेला असावा, असंही तिथे म्हटलंय. दोन्ही गोष्टी कागदावर किरकोळ दिसतात. एकदा रिग अडकली की त्या किती शहाणपणाच्या आहेत ते कळतं.

लॉगमध्ये (संपर्कांच्या नोंदवहीत) ठिकाण लिहायचं ते ट्रान्समीटरचं, तुमच्या खुर्चीचं नाही. डीएक्ससीसीसाठीही, म्हणजे वेगवेगळ्या देशांशी झालेल्या संपर्कांच्या प्रशस्तिपत्रासाठीही, तेच धरतात.

पायरी १ : शेजारच्या खोलीतून

स्टेशन आणि तुमच्यामध्ये तीन गोष्टींची ये-जा असते. एक, हुकूम : फ्रिक्वेन्सी बदल, मोड बदल, पीटीटी (ट्रान्समिट सुरू करणारं बोलण्याचं बटण) दाब, पीटीटी सोड. दोन, आवाज, तोही दोन्ही दिशांनी. तीन, वीज आणि अँटेनाची स्विचं. या तिन्ही वाटा डोक्यात वेगळ्या ठेवा, कारण त्या बिघडतातही वेगवेगळ्या.

सुरुवातीला रिग घरातच ठेवा, तिला यूएसबी केबलने एक छोटा संगणक जोडा आणि शेजारच्या खोलीत दुसरा संगणक घेऊन बसा. रास्पबेरी पायसारखा लहानसा संगणकही पुरतो. अँटेनाच्या जागी डमी लोड (पॉवर हवेत न सोडता जिरवणारा रोध) लावा. इंटरनेटचा संबंध अजून आणू नका.

हुकमांसाठी हॅमलिब ही मोफत लायब्ररी सगळ्यात सोयीची. आयकॉम, यासू, केनवुड, एलेक्राफ्ट अशा शेकडो रिगशी ती बोलते. तिच्यातला रिगसीटीएलडी नावाचा प्रोग्रॅम रिगच्या बाजूच्या संगणकावर चालू ठेवायचा. तो नेटवर्कवर ४५३२ या पोर्टवर कान देऊन बसतो. दुसऱ्या खोलीतून त्या पोर्टला जोडून घ्या आणि लहान लिपीतलं ‘एफ’ पाठवा. रिग २० मीटरच्या एफटी८ (संगणकाने छोटे संदेश पाठवायची डिजिटल पद्धत) फ्रिक्वेन्सीवर असेल, तर उत्तर येईल : १४०७४०००. आकडा हर्ट्झमध्ये असतो. मोठ्या लिपीतलं ‘एफ’ आणि पुढे नवा आकडा पाठवला, की पलीकडच्या खोलीत रिगचा डिस्प्ले बदलतो. पहिल्यांदा हे होताना उठून बघायला जाल, सगळेच जातात.

उत्तर आलंच नाही तर तीन गोष्टी तपासा : रिगच्या मेनूतला बॉड रेट (केबलवरच्या संवादाचा वेग) आणि प्रोग्रॅमला दिलेला बॉड रेट एकच आहे ना, आयकॉम असेल तर सीआय-व्ही पत्ता (हुकमांसाठी रिगचा ओळख क्रमांक) बरोबर आहे ना, आणि लिनक्सवर तुमच्या युजरला सीरियल पोर्ट वापरायची परवानगी आहे ना. लिनक्सचीच आणखी एक खोड सांगून ठेवतो. आज टीटीवाययूएसबी-० या नावाने दिसणारी रिग उद्या रीस्टार्टनंतर टीटीवाययूएसबी-१ होऊन बसते. उपकरणाच्या ओळखीवरून तयार होणारं, न बदलणारं नाव त्याच संगणकात ‘बाय-आयडी’ या फोल्डरमध्ये सापडतं. सेटिंगमध्ये तेच टाका. लांबच्या स्टेशनवर वीज जाऊन आली, की नावं बदलल्यामुळे सगळं ठप्प होण्याचा हा प्रकार फार सामान्य आहे.

रिगमध्येच नेटवर्कचं सॉकेट किंवा वायफाय असेल, तर मधला संगणक टाळता येतो. आयकॉमच्या ७०५, ९७००, ७६१० या रिग थेट नेटवर्कवर येतात आणि डब्ल्यूएफव्ह्यू या मोफत प्रोग्रॅमशी बोलतात. त्यासाठी ५०००१ ते ५०००३ हे यूडीपी पोर्ट लागतात. फ्लेक्सच्या रिग तर मुळातच नेटवर्कवर चालण्यासाठी बनवलेल्या आहेत. तरीही मधला छोटा संगणक मला लांबच्या ठिकाणी हवाच असतो. रिग गप्प झाली, तर तिच्याबद्दल विचारायला तिथे कोणीतरी जागं पाहिजे.

पायरी २ : आधी थांबवायला शिका

हा भाग घाईत वाचू नका.

पीटीटी दाबण्याचे दोन मार्ग असतात. एक, कॅटच्या, म्हणजे संगणकाने रिगला पाठवलेल्या, हुकमाने. दुसरा, सीरियल पोर्टच्या आरटीएस किंवा डीटीआर रेषेने, म्हणजे त्यातल्या इशाऱ्याच्या तारेने. दुसरा मार्ग जुना आणि सोपा आहे, पण लांबच्या स्टेशनला घातक. कारण एखादा प्रोग्रॅम नुसता पोर्ट उघडतो तेव्हाही या रेषा उंचावू शकतात आणि रिगला वाटतं, मालकाने पीटीटी दाबला.

माझ्याकडे नेमकं हेच झालं. संगणक रात्री स्वतःच अपडेट घेऊन रीस्टार्ट झाला, लॉगिंगच्या प्रोग्रॅमने पोर्ट उघडला आणि आरटीएस वर गेली ती गेलीच. सकाळी मी लांबून जोडून बघतो, तर कानात शुकशुकाट. बँड बंद आहे असं समजून चहा घेत बसलो. एसएसबीमध्ये (हॅमच्या बोलण्याच्या नेहमीच्या मोडमध्ये) आवाज नसला तर पॉवरही जात नाही, त्यामुळे बाहेर कोणाला काही कळायचं कारण नव्हतं. पण विंडोजने रिगचं यूएसबी ऑडिओ हाच आपला मुख्य स्पीकर मानला होता. थोड्या वेळाने मित्राचा फोन : “अरे, आपल्या फ्रिक्वेन्सीवर मघापासून टिंग टिंग चाललंय. तुझ्या मेलच्या घंटा आहेत की काय?” होत्या.

त्या दिवसापासून पुढचे नियम आहेत.

पीटीटी कॅटच्या हुकमानेच. रिगच्या मेनूत आरटीएस-डीटीआरने ट्रान्समिट होण्याची सोय बंद. संगणकाचे सगळे घंटानाद बंद, आणि रिगचं साउंड कार्ड हे कधीही मुख्य स्पीकर म्हणून निवडलेलं नसावं. अपडेट आपण सांगू तेव्हाच.

त्यावर रिगमधला टाइमआउट टायमर ३ मिनिटांवर. हा टायमर रिगच्या आत असतो, म्हणून नेटवर्क मेलं, संगणक मेला, तरी तो काम करतो. सलग पाच मिनिटं भाषण ठोकायची सवय असेल, तर तो तुम्हाला मध्येच तोडेल. तोडू द्या.

मग सॉफ्टवेअरची पहारेदारी. तुमच्या बाजूचा प्रोग्रॅम दर सेकंदाला ‘मी आहे’ असा निरोप पाठवत राहतो आणि स्टेशनच्या बाजूला सलग तीन निरोप चुकले, की पीटीटी सुटतो. काही रिमोट प्रोग्रॅममध्ये ही सोय असते, नसेल तर छोटी स्क्रिप्ट लिहून घ्या. आणि सगळ्यात शेवटी वीज. रिगच्या १३.८ व्होल्टच्या पुरवठ्याआधी नेटवर्कवरून चालणारा रिले लावा, आणि तो असा जोडा की रिलेलाच वीज मिळाली नाही तर रिग बंद राहील, चालू नाही. हा रिले शक्य असेल तर वेगळ्या वाटेने पोचता येईल असा ठेवा, म्हणजे मोबाइलच्या सिमवरून. मुख्य राउटर हँग झाला असताना त्याच राउटरमागे बसलेला रिले काय कामाचा?

आता परीक्षा. डमी लोडवर, कमी पॉवरला, ट्रान्समिट चालू असताना नेटवर्कची केबल उपटा. रिग किती सेकंदांत रिसीव्हवर येते ते घड्याळ लावून मोजा. मग पुन्हा चालू करून तुमच्या बाजूचा प्रोग्रॅम अचानक बंद करा. मग स्टेशनचा संगणक गोठवा. मग राउटरची वीज काढा. चारही वेळा रिग आपणहून गप्प बसली पाहिजे. तीन वेळा बसली आणि चौथ्यांदा नाही, तर पुढच्या पायरीवर जाऊ नका.

पायरी ३ : आवाज

एसएसबीच्या बोलण्याला साधारण ३०० ते २७०० हर्ट्झ एवढीच जागा लागते. म्हणजे गाण्यांसाठी असतो तसला दर्जा इथे नुसती उधळपट्टी. १६ बिटचा एका वाहिनीचा आवाज सेकंदाला ४८,००० नमुन्यांनी तसाच पाठवला, तर ७६८ किलोबिट लागतात. ८,००० नमुन्यांनी पाठवला तर १२८. ओपस कोडेकमधून दाबला, की २०-३० किलोबिटमध्ये छान काम भागतं. लक्षात ठेवायची गोष्ट : बँड ऐकताना आवाज अखंड स्टेशनकडून तुमच्याकडे येत असतो, म्हणजे स्टेशनच्या जोडणीचा अपलोड वेग महत्त्वाचा. जाहिरातीतला मोठा आकडा डाउनलोडचा असतो.

आवाज नेण्यासाठी मम्बल हा गप्पांचा मोफत प्रोग्रॅम बरेच हॅम वापरतात. तो ओपसच वापरतो आणि त्याचा उशीर कमी असतो. पण असे प्रोग्रॅम माणसांच्या गप्पांसाठी बनलेले असतात, रेडिओसाठी नाही. त्यातलं नॉइज सप्रेशन, इको कॅन्सलेशन, आपोआप आवाज वाढवणं आणि ‘कोणी बोललं तरच पाठवा’ ही सोय, हे चारही बंद करा. नाहीतर काय होतं? लांबचा, गोंगाटात बुडालेला एक स्टेशनवाला तुम्हाला हाका मारत असतो आणि प्रोग्रॅम त्याला पंख्याचा आवाज समजून पुसून टाकतो. तुम्हाला मात्र स्वच्छ शांतता ऐकू येते आणि आपलं स्टेशन किती मस्त शांत आहे याचं कौतुक वाटत राहतं.

ट्रान्समिटच्या बाजूने एकच काळजी : एएलसीचा (आवाज फार मोठा झाला तर आवर घालणाऱ्या सर्किटचा) मीटर जेमतेम हलेल एवढीच पातळी ठेवा.

पायरी ४ : उशिराशी जुळवून घेणं

नेटवर्कचा उशीर नाहीसा होत नाही, त्याच्याशी संसार करावा लागतो. पिंग (निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ) १०० मिलिसेकंदांच्या आत असेल, तर बोलण्यात फारसं जाणवत नाही. त्रास होतो तो उशीर कमी-जास्त होत राहिला की. मग प्रोग्रॅमला आवाज थोडा साठवून ठेवावा लागतो आणि एकूण उशीर वाढतो.

याचा एक मजेदार परिणाम नवख्यांना छळतो. पीटीटीचा हुकूम आणि तुमचा आवाज वेगवेगळ्या वाटेने जातात. हुकूम हलका, तो झटकन पोचतो. आवाज साठवणीतून, मागाहून येतो. तुम्ही “ओव्हर” म्हणून लगेच पीटीटी सोडता, हुकूम आधी पोचून रिग रिसीव्हवर येते आणि हवेत जातं ते नुसतं “ओव्ह”. कॉलसाइन (परवान्यावरची आपली ओळख) शेवटी म्हणत असाल, तर शेवटचं अक्षरच कापलं जातं आणि समोरचा पुन:पुन्हा विचारत बसतो. उपाय सोपा आहे : बोलून झाल्यावर मनात एक म्हणा आणि मग सोडा.

मोर्सचं गणित वेगळं. मिनिटाला २५ शब्दांच्या वेगात एका डिटची लांबी ४८ मिलिसेकंद असते, १२०० भागिले २५. नेटवर्कचा उशीर तेवढाच इकडे-तिकडे झाला, तर डिट आणि डॅशमधला फरकच पुसला जातो. म्हणून की-चे ठोके तसेच नेटवर्कवरून पाठवू नका. अक्षरं पाठवा आणि ठोके स्टेशनच्या बाजूचा कीअर (मोर्सचे ठोके बनवणारं उपकरण) किंवा रिग स्वतः बनवेल असं करा. पॅडलच (मोर्सची हाताने चालवायची की) वापरायचं असेल, तर ठोक्यांच्या वेळा मोजून पलीकडे तशाच उभ्या करणारी खास उपकरणं मिळतात. आणि साइडटोन (आपल्याच ठोक्यांचा कानात येणारा सूर) नेहमी तुमच्या बाजूला तयार होणारा ऐका; हवेतून परत येणारा स्वतःचा मोर्स ऐकत पॅडल चालवणं म्हणजे स्वतःच्याच प्रतिध्वनीशी भांडत गाणं म्हणण्यासारखं आहे.

एफटी८ सगळ्यात सोपं, जर त्याचा डब्ल्यूएसजेटी-एक्स हा प्रोग्रॅम स्टेशनच्याच संगणकावर चालवलात तर. आवाज तिथल्या तिथे राहतो, तुम्ही फक्त रिमोट डेस्कटॉपने पडदा बघता. प्रत्येक फेरी १५ सेकंदांची असते, त्यामुळे तुमच्या माउसच्या क्लिकला पाव सेकंद उशीर झाला तरी बिघडत नाही. स्टेशनच्या संगणकाचं घड्याळ मात्र बरोबर हवं. एका सेकंदाहून जास्त चुकलं की डिकोड गळायला लागतात. पहिले काही आठवडे एवढंच करा, असं मी सुचवेन. डिजिटल मोडवर स्टेशनच्या खोड्या कळतात आणि कोणाचा खोळंबा होत नाही.

पायरी ५ : आता बाहेर

रिगसीटीएलडीचं पोर्ट राउटरमधून थेट इंटरनेटवर उघडू नका. हा प्रोग्रॅम सहसा पासवर्ड विचारत नाही. जो पोचेल त्याचा हुकूम तो मानतो. म्हणजे कुठूनही कोणीही तुमच्या कॉलसाइनवर ट्रान्समिट करू शकेल आणि जाब तुम्हाला द्यावा लागेल.

मधे व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खाजगी, बंदिस्त वाट) घाला. वायरगार्ड हलका आहे आणि यूडीपीवर चालतो, म्हणून आवाजालाही बरा; त्याचा नेहमीचा पोर्ट ५१८२०. अडचण अशी की पुष्कळ सेवादाते, मोबाइलवाले तर सर्रास, अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. अशा सीजीनॅटमागे असलेल्या स्टेशनपर्यंत बाहेरून पोचताच येत नाही. राउटरवर दिसणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांनी सुरू होत असेल, तर तुम्ही त्यातच आहात. मग टेलस्केल किंवा झीरोटियरसारखी सेवा घ्या; त्यात स्टेशन स्वतःच बाहेर जाऊन दुवा बांधतं, पोर्ट उघडायची भानगड नाही. वायरगार्डच वापरायचा असेल तर सार्वजनिक पत्ता असलेला एखादा सर्व्हर मधे ठेवा आणि स्टेशनच्या बाजूने दर २५ सेकंदांनी एक निरोप जात राहील असं सेटिंग करा, म्हणजे वाट मिटत नाही.

हॅम बँडवर मजकूर दडवून पाठवायला मनाई असते, मग व्हीपीएन चालेल का, असं नवे लोक विचारतात. चालतं. ती मनाई हवेत जाणाऱ्या सिग्नलला आहे.

बाहेरून जोडलं की पायरी २ मधली परीक्षा पुन्हा द्या. हो, चारही.

पायरी ६ : स्टेशन एकटं सोडताना

संगणकाच्या बायोसमध्ये ‘वीज आली की आपोआप सुरू हो’ हे सेटिंग चालू करा. राउटर हँग झाला तर त्याची वीज मिनिटभर तोडून परत देणारा टायमर लावा. रिगच्या डिस्प्लेकडे तोंड करून एक साधा वेबकॅम ठेवा. प्रोग्रॅम काहीही म्हणोत, टीएक्सचा (ट्रान्समिटचा) लाल दिवा डोळ्यांनी बघण्यासारखं दुसरं काही नाही.

पूर्ण पॉवरला रेडिओ लहरी यूएसबी केबलवर चढतात आणि संगणक रिग विसरतो. माझ्याकडे ४० मीटरवर ५० वॉटच्या वर गेलं की दुवा तुटायचा, बाकी सगळ्या बँडवर ठणठणीत. केबलच्या दोन्ही टोकांना फेराइटवर चार-पाच वेढे घेतल्यावर थांबलं. हे प्रत्येक बँडवर, पूर्ण पॉवरला, स्टेशनवर बसून तपासा; लांबून कळतं पण दुरुस्त करता येत नाही.

विजेचा कडकडाट ही खरी भीती. वापर नसेल तेव्हा अँटेना रिगपासून तोडून जमिनीला जोडणारा रिले असावा, तोही वीज गेली की आपोआप त्याच स्थितीत जाणारा. एवढ्याने आकाशातली वीज अडेल अशा भ्रमात राहू नका, म्हणून फीडलाइन (अँटेनाची केबल) आत येते तिथे सर्ज अरेस्टर आणि नीट अर्थिंग पाहिजेच. नेटवर्कची तांब्याची तार हीसुद्धा आत येण्याची वाट आहे. मध्ये थोडं फायबर घातलं तर ती वाट बंद होते. अॅम्प्लिफायर सध्या नकोच. रोटेटरही (अँटेना फिरवणारी मोटर) सुरुवातीला एका दिशेला बांधून ठेवा.

पहिला संपर्क

आधी ऐका. मग ५ ते १० वॉटवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते याचं माप) बघा, मग वाढवा. आपला आवाज कसा जातोय हे दुसऱ्याला विचारण्याआधी स्वतः ऐकायचा असेल, तर एखादा सार्वजनिक वेबएसडीआर (ब्राउझरमधून ऐकता येणारा रिसीव्हर) उघडा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा खूप वापरला जातो, पण तुमच्या स्टेशनचा सिग्नल जिथे पोचतो असा निवडा. सीक्यू (कोणीही उत्तर द्या अशी हाक) द्या, उत्तर आलं की कॉलसाइन हळू म्हणा आणि शेवटी तो एक आकडा मोजायला विसरू नका.

स्टेशनच्या जागी कोणी राहत असेल, तर त्यांना मुख्य स्विच दाखवून ठेवा आणि शेजारी तुमचा फोन नंबर चिकटवा. आमच्याकडे त्या स्विचवर लाल चिकटपट्टी आहे. आजवर तो दोनदा खाली केला गेला. एकदा मी फोन करून सांगितलं म्हणून आणि एकदा झाडू मारताना.